आल्झासला पाच दिवस: देखण्या गावांच्या शेजारची गावंही पाहा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही दोघं साठीच्या पुढची, मे महिन्यात लेकाकडे श्टुटगार्टला येताय. तिथून पाच दिवस फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या आल्झासमध्ये काढायचेत. लेकानं कोलमार, रिकवीर, एगिसहाइम अशी 'परीकथेतल्या गावांची' यादी हातात ठेवली आहे. सरांनी मात्र जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. ते म्हणतात, 'व्हर्सायच्या तहानं फ्रान्सला आल्सेस-लॉरेन परत मिळाले' हे वाक्य मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं, आता ते आल्सेस, म्हणजे हेच आल्झास, जमिनीवर कसं दिसतं ते बघायचंय. गाडी फक्त शनिवार-रविवारी, लेक येईल तेव्हा. दोघंही शाकाहारी. गुडघ्यांची तक्रार तुमची.

मी राईन नदीच्या अलीकडे, जर्मनीत कार्ल्सरूहला राहते आणि तेरा-चौदा वर्षं मराठी मंडळींचे लहान गट आल्झासला नेते आहे. लेकाची यादी चांगली आहे, पण अर्धी आहे. त्यातल्या देखण्या गावांच्या अगदी शेजारी अशी गावं आहेत जी कुठल्याच यादीत नसतात. ती का नाहीत हे कळलं की सरांचं फळ्यावरचं वाक्य आपोआप उलगडतं. म्हणून माझा सल्ला एवढाच की गावं जोडीनं पाहा.

मुक्काम पाचही दिवस स्ट्रासबर्गलाच ठेवा. रोज बॅगा उचलून हॉटेल बदलण्यात या वयात काही मजा नाही. श्टुटगार्टहून थेट गाडी सव्वा तासाच्या आसपास पोचवते, आणि तिथून कोलमार आगगाडीनं अर्ध्या तासावर. एकच काळजी घ्या. युरोपियन संसदेचं अधिवेशन बहुतेक महिन्यांत चार दिवस स्ट्रासबर्गला भरतं, त्या दिवसांत हॉटेलांचे दर अंगावर येतात. खोली घेण्याआधी संसदेचं वेळापत्रक बघा.

पहिल्या दिवशी सगळे कॅथेड्रलकडे धावतात. जरूर जा. लालसर दगडाचं १४२ मीटर उंच शिखर आहे, १६४७ पासून १८७४ पर्यंत जगात त्याहून उंच इमारत नव्हती. पण तुम्ही आधी, सकाळी गर्दी नसताना, 'प्लास द ला रेपुब्लिक' नावाच्या चौकात जा. मधोमध बाग आहे आणि बागेत १९३६ सालचं युद्धस्मारक. एक आई, तिच्या अंगावर रेललेले दोन मरणारे तरुण मुलगे. मुलगे उघडे आहेत, अंगावर कसलाही गणवेश नाही, आणि शेवटच्या क्षणी त्यांनी एकमेकांचा हात धरलाय.

तीन वर्षांपूर्वीच्या गटात साताऱ्याकडच्या एक काकू होत्या, घरातले दोन दीर फौजेत. त्या स्मारकासमोरच्या पायरीवर बसल्या त्या उठेचनात. मग म्हणाल्या, "अगं, फौजेतली पोरं ना ही? मग वर्दी कुठाय?" हाच प्रश्न पडायला हवा. १८७१ ला जर्मनीनं आल्झास जिंकून घेतलं. त्यामुळे १९१४ च्या युद्धात इथली पोरं जर्मन सैन्यात होती, आल्झास-लॉरेनची मिळून पावणेचार लाखांच्या वर. काही थोडे निसटून फ्रेंच बाजूनं लढले. युद्ध संपलं तेव्हा प्रदेश फ्रान्सचा झाला होता, आणि मेलेले बहुतेक जर्मन गणवेशात मेले होते. शिल्पकारानं कोणाची वर्दी चढवायची? म्हणून वर्दीच नाही. फ्रान्सच्या इतर भागांत स्मारकावर 'फ्रान्ससाठी प्राण दिलेले' अशा अर्थाचे शब्द हटकून असतात. इथे चौथऱ्यावर फक्त 'आमच्या मृतांना' असं आहे. या भागातल्या कुठल्याही खेड्यात गेलात तरी चर्चशेजारचं स्मारक वाचायची सवय लावून घ्या. फ्रेंच येत नसलं तरी चालतं. शब्द कमी आणि नावांची रांग लांब, एवढं दिसलं तरी पुरे.

हे एकदाच घडलं असं नाही. १९४० मध्ये हिटलरनं आल्झास पुन्हा गिळलं, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये इथल्या तरुणांवर जर्मन सैन्याची सक्ती लादली. आल्झासचे सुमारे एक लाख आणि शेजारच्या मोझेलचे तीस हजार. त्यांना इथे 'माल्ग्रे-नू' म्हणतात, 'आमची इच्छा नसताना' गेलेले. बहुतेकांना रशियाच्या आघाडीवर पाठवलं. जो पळाला त्याच्या घरच्यांना हद्दपार केलं जाई. १० जून १९४४ ला मध्य फ्रान्समधल्या ओरादूर गावात हिटलरच्या एसएस दलाच्या सैनिकांनी सहाशेहून जास्त माणसं मारली. त्या सैनिकांत असे सक्तीनं भरलेले आल्झासचे पोरगेही होते, आणि मेलेल्यांत आल्झासहून आलेली निर्वासित कुटुंबंही. १९५३ मध्ये बोर्दोला खटला चालला, शिक्षा झाल्या आणि लगेच सक्तीनं भरलेल्यांना माफीचा कायदा झाला. ओरादूरकडचे लोक माफीवर संतापले, आल्झासचे शिक्षेवर. वयस्कर आल्झाशियन माणसाशी बोलताना हा विषय आपण होऊन काढू नये. त्यानं काढला तर ऐकावं.

त्याच चौकात उभं राहून मागे वळा. घुमटाची भारदस्त इमारत दिसते ते राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालय. १८७० च्या वेढ्यात जर्मन तोफांनी स्ट्रासबर्ग भाजून काढलं. २४ ऑगस्टच्या रात्री शहराचं जुनं ग्रंथालय जळलं आणि त्यात बाराव्या शतकातला 'होर्तुस देलिचियारुम' हा सचित्र ग्रंथ कायमचा गेला. मठाधिपती हेराड या बाईनं तो मठातल्या मुलींसाठी रचला होता. आज जे उरलंय ते आगीआधी लोकांनी काढून ठेवलेल्या नकलांवरून. शहर २८ सप्टेंबरला शरण आलं. मग त्याच जर्मनांनी जगभरातून पुस्तकं मागवून नवं ग्रंथालय उभारलं, ही इमारत १८९५ ची. जाळणाऱ्यानंच पुन्हा बांधून द्यायचं, आणि ते जुन्यापेक्षा मोठं! नुसतं ग्रंथालयच नाही, हा अख्खा भाग, रुंद रस्ते, सरकारी वाडे, विद्यापीठ, जर्मन काळातला आहे. त्याला 'नॉयश्टाट' म्हणतात, नवी पेठ म्हणा. ५० वर्षांपूर्वीपर्यंत फ्रेंचांना त्याची लाजच वाटायची, 'हे जड जर्मन काम' म्हणून. २०१७ मध्ये युनेस्कोनं तो जुन्या शहराच्या बेटाबरोबर जागतिक वारशात घेतला.

आपल्याला जवळची एक गोष्ट. या ग्रंथालयात जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. तो जमवला एर्न्स्ट लॉयमान यांनी, ते इथल्या जर्मन विद्यापीठात संस्कृत शिकवत. १९१८ मध्ये फ्रेंच परतले आणि लॉयमान यांना राईनपलीकडे फ्रायबुर्गला जावं लागलं. हस्तलिखितं इथंच राहिली. त्या वेळी फ्रेंच सरकारनं आल्झासच्या लोकांना ए, बी, सी, डी अशी ओळखपत्रं वाटली होती. आई-बाप दोघंही मूळचे इथले तर ए, एक जर्मन असेल तर बी, दोघंही जर्मन तर डी. एका घरात नवऱ्याकडे डी आणि बायकोकडे ए असं होई. डी वाल्यांतले हजारो जण तीसेक किलो सामान घेऊन पूल ओलांडून गेले. सरांना फाळणी आठवेल.

चौकांची नावं हा वेगळाच खेळ आहे. हा चौक जर्मन काळात कैसरचा, मग प्रजासत्ताकाचा, नाझी काळात बिस्मार्कचा आणि पुन्हा प्रजासत्ताकाचा. पण सर्वांत मजेदार किस्सा दक्षिणेतल्या म्युलूझ शहरातला. तिथे मुख्य बाजाराच्या रस्त्याचं नाव पूर्वापार 'रानटी माणसाचा रस्ता' असं होतं. १९४० मध्ये नाझींनी न वाचताच त्याचं नाव बदलून 'आडोल्फ हिटलर रस्ता' केलं. गावकऱ्यांना कित्येक दिवस हसू आवरत नव्हतं. आता रस्त्याला जुनंच नाव आहे.

दुपारी नदीकाठानं 'पेतित फ्रान्स' भागात या. लाकडी चौकटींची घरं, फुलं, होड्या, सगळे फोटो इथलेच. 'छोटा फ्रान्स' हे नाव देशप्रेमातून आलं असं वाटतं ना? मुळात इथे गुप्तरोगाच्या रुग्णांचं इस्पितळ होतं, आणि जर्मन भाषक त्या रोगाला 'फ्रेंच रोग' म्हणायचे. पुढे नदीवर लांबलचक दगडी बंधारा आहे, बाराज वोबाँ. वोबाँ हा चौदाव्या लुईचा किल्लेबांधणीतला माणूस. लुईनं स्ट्रासबर्ग घेतलं ३० सप्टेंबर १६८१ ला, म्हणजे आपल्याकडे महाराज जाऊन दीड वर्ष झालं होतं. पुढच्या दहा वर्षांत वोबाँच्या आराखड्यावरून हा बंधारा झाला. त्याची दारं पाडली की पाणी तुंबून शहराच्या दक्षिणेची शेतं जलमय व्हायची आणि शत्रूच्या तोफा चिखलात रुतायच्या. वर गच्चीवर फुकट जाता येतं आणि तिथून शहर सर्वांत छान दिसतं. मात्र पायऱ्या आहेत.

संध्याकाळी ट्रामनं राईन ओलांडून जर्मनीतल्या केल गावात जा. २०१७ पासून स्ट्रासबर्गची ट्राम सरळ तिकडे जाते. खरेदीला स्वस्त पडतं म्हणून इकडचे लोक पिशव्या घेऊन तिकडे निघालेले असतात. ज्या नदीसाठी सत्तर वर्षांत तीन युद्धं झाली ती ट्राममधून पाच मिनिटांत मागे पडते. तिथे पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र पूलही आहे, गुडघे साथ देत असतील तर एक बाजू चालत या. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, व्हिसा दोन्हीकडे चालत असला तरी सरहद्दीवर मधूनच तपासणी होते.

दुसरा दिवस स्ट्रासबर्गच्या उरलेल्या गोष्टींना द्या, त्याबद्दल फार सांगत नाही. तिसऱ्या दिवशी कोलमार आणि नफ-ब्रिझाक.

कोलमारला जाताना आगगाडीच्या खिडकीतून एक गंमत पाहायला सरांना सांगा. फ्रान्समध्ये आगगाड्या आपल्यासारख्याच डाव्या रुळावरून धावतात. आल्झास आणि मोझेलमध्ये उजव्या रुळावरून, कारण इथली रेल्वे घडली जर्मन काळात. जुन्या सरहद्दीवर एक रूळ पुलानं दुसऱ्यावरून नेऊन बाजू बदलतात. १९१८ गेलं, १९४५ गेलं, पण रूळ कोण उखडणार?

कोलमारमध्ये उंटरलिंडेन संग्रहालय आणि त्यातली इझेनहाइमची वेदीचित्रं, त्यासाठी दीड तास राखून ठेवा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रुनेवाल्डनं रंगवलेला येशूचा देह असा आहे की बघवत नाही. कीड लागलेल्या राईच्या भाकरीनं अंगाची आग होऊन हातपाय झडणाऱ्या रोग्यांसाठी ती रंगवली होती. १९१७ मध्ये जर्मनांनी ती म्युनिकला हलवली, १९१९ ला परत आली. बाकी कोलमार तुम्ही आपणहून फिराल. बार्तोल्दीचं जन्मघर मात्र चुकवू नका. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता त्याची, हे सगळ्यांना माहीत. पण १८७१ ला त्याचं गाव जर्मनीत गेलं, आणि त्यानं बेल्फोर किल्ल्याखाली डोंगराच्या अंगाला २२ मीटर लांबीचा दगडी सिंह बसवला. बेल्फोरनं १०३ दिवस वेढा सोसला आणि तेवढा तुकडा फ्रान्सकडे राहिला, म्हणून. पॅरिसला गेला असाल तर दांफेर-रोशरो चौकात त्या सिंहाची छोटी प्रतिकृती पाहिली असेल. त्या चौकाचं नावच बेल्फोर लढवणाऱ्या कर्नलचं आहे.

आता नफ-ब्रिझाक. कोलमारहून बसनं अर्ध्या तासाच्या आसपास. मराठी माणसानं हे गाव पाहिल्याशिवाय आल्झास सोडू नये असं माझं ठाम मत आहे, आणि गटातले निम्मे लोक सुरुवातीला इथे कंटाळतात हेही खरं. कारण लांबून काहीच दिसत नाही. आपल्याला किल्ला म्हणजे मान वर करून बघायची सवय. कडा, त्यावर तट, त्यावर बुरूज. इथे सपाट शेतात बस थांबते, समोर गवताचे उंचवटे, आणि मंडळी विचारतात, "किल्ला कुठाय?"

तोच तर डाव आहे. १६९७ च्या रिस्विकच्या तहात फ्रान्सला राईनच्या पलीकडचं ब्रायझाख सोडावं लागलं. म्हणून अलीकडे नवं ब्रिझाक उभारायचं ठरलं आणि १६९९ मध्ये काम सुरू झालं. वोबाँ तेव्हा पासष्टीच्या पुढचा. त्याच्याकडे डोंगर नव्हता, नदीकाठचं ताट होतं. उंच तट बांधला असता तर तोफेला आयतं निशाण मिळालं असतं. म्हणून त्यानं किल्ला जमिनीत रुतवला. आठ कोनांचा तट, बाहेर खंदक, खंदकात त्रिकोणी बेटांसारखी बांधकामं, आणि बाहेरची रांग पडली तरी आतली स्वतंत्रपणे लढेल अशी रचना. एका बुरुजाच्या पायथ्याशी येणाऱ्याला दुसऱ्या बुरुजावरून गोळी लागलीच पाहिजे, हे त्याचं गणित. खंदकाच्या तळातून पायवाट जाते, तासाभरात अख्खी फेरी होते, आणि ती सपाट आहे, तुमच्या गुडघ्यांना चालेल. खंदकातून चालतानाच किल्ला समजतो. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत, कुठेही वळा, कुणीतरी वरून बघतंय असं वाटत राहतं.

आत गाव आहे, अगदी पटावर आखल्यासारखं. मधोमध कवायतीचा मोठा चौक, चारी दिशांना चार दरवाजे, काटकोनात रस्ते. दगड आणायला खास कालवा खणला होता. २००८ मध्ये वोबाँच्या १२ किल्ल्यांना मिळून युनेस्कोचा वारसा दर्जा मिळाला, त्यात हे एक. आपले मराठ्यांचे १२ किल्ले २०२५ मध्ये आले. शिवाजी महाराज १६३० चे, वोबाँ १६३३ चा. दोघंही एकाच काळात तोफेला उत्तर शोधत होते. एकानं ते सह्याद्रीच्या कड्यावर शोधलं, दुसऱ्यानं मातीच्या ढिगाऱ्यात. पण १८७० पर्यंत तोफ इतकी सुधारली की नफ-ब्रिझाक नोव्हेंबरात पडलं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बॉम्बनी गावातली बरीच घरं गेली. म्हणून तट सतराव्या शतकाचा आणि घरं साधी, विसाव्या शतकातली, असं विचित्र दृश्य आहे.

इथे रविवारी चुकूनही जाऊ नका. माझ्या दुसऱ्याच वर्षी मी सोळा जणांना रविवारी दुपारी इथे उतरवलं. चौकातली सगळी दारं बंद, परतीची बस तीन तासांनी. चहा सोडा, पाण्याची बाटलीसुद्धा मिळेना. शेवटी इचलकरंजीच्या एका आजोबांच्या पिशवीतून चिवड्याचा डबा निघाला आणि कवायतीच्या चौकात बाकावर बसून सोळा जणांनी मुठीमुठीनं खाल्ला. चूक माझी होती. या प्रदेशात रविवारचे नियम उरलेल्या फ्रान्सपेक्षाही कडक आहेत, तेही जर्मन काळातलेच.

शनिवारी लेक गाडी घेऊन येईल. हा तुमच्या सहलीचा गाभा. लेकाच्या यादीतलं रिकवीर आधी करा, सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर बसगाड्यांची जत्रा भरते. सोळाव्या शतकातली घरं, रंगीत भिंती, द्राक्षमळ्यांच्या कुशीत बसलेलं गाव. खरंच सुंदर आहे, नाक मुरडू नका.

मग पाच किलोमीटरच्या आत असलेली मिटेलवीर, बेनवीर, ऑस्टहाइम, सिगोल्सहाइम ही गावं. लेक विचारेल, "इथे काय बघायचं?" घरं नीटनेटकी, चौकोनी, ठाण्याच्या एखाद्या जुन्या कॉलनीसारखी. चर्चसुद्धा काँक्रीटची. डिसेंबर १९४४ मध्ये स्ट्रासबर्ग मुक्त झालेलं होतं, पण कोलमारभोवती जर्मन सैन्य अडकून लढत होतं, आणि आघाडी नेमकी या मळ्यांमधून गेली. ही गावं हातघाईत आणि तोफमाऱ्यात जवळजवळ पूर्ण गेली. रिकवीर डोंगराच्या घडीत बाजूला पडलं आणि वाचलं. कोलमार स्वतः २ फेब्रुवारी १९४५ ला मुक्त झालं, फारसं न मोडता. आज ज्या गावाचं कॅलेंडर निघतं आणि ज्या गावातून लोक गाडी न थांबवता जातात, त्यांच्यात फरक पडला तो त्या महिन्याभरात.

ऑस्टहाइमला एक भिंत आहे. पाडापाडीतून उरलेला, नुसता उभा राहिलेला घराचा तुकडा. वर करकोच्याचं घरटं. गावकऱ्यांनी गाव नव्यानं बांधलं, पण ही भिंत तशीच ठेवली आणि तिचंच स्मारक केलं. मे महिन्यात घरट्यात पिल्लं असतात. खाली उभं राहिलं की चोची वाजवल्याचा खट-खट आवाज येतो, लाकडी खुळखुळ्यासारखा. मी दर वेळी गटाला इथे दहा मिनिटं काही न बोलता उभं करते.

मिटेलवीरला फुलांची भिंत आहे. नाझी काळात फ्रेंच बोलायला बंदी होती, 'बोंजूर' म्हटलं तरी दंड, फ्रेंच बेरे टोपीसुद्धा वर्ज्य. तेव्हा तिथे निळी, पांढरी, लाल फुलं लावली होती, झेंड्याच्या रंगांची. पुढची गोष्ट सरांना आवडणार नाही, भाषेवर प्रेम करणाऱ्या कुणालाच आवडत नाही. १९४५ नंतर फ्रेंच सरकारनं उलट मोहीम काढली, 'फ्रेंच बोलण्यात ऐट आहे' अशी. आल्झाशियन बोली जर्मन कुळातली, म्हणून ती शाळेतून हुसकली. आजी-आजोबा बोलतात, नातवंडांना समजते पण येत नाही. स्ट्रासबर्गच्या जुन्या भागात रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंचखाली आल्झाशियन नाव असतं, ते बहुतेकदा पर्यटकच वाचतात.

दुपार कलली की सिगोल्सहाइमच्या वरच्या टेकडीवर जा. गाडी बरीच वर जाते. तिथे दीड हजारांहून जास्त सैनिकांच्या कबरी आहेत, १९४४-४५ च्या या लढाईतल्या. क्रूस आहेतच, पण त्यांच्याहून वेगळ्या आकाराचे कमानदार मुसलमानी दगड रांगाच्या रांगा, मक्केकडे तोंड केलेले. ही उत्तर आफ्रिकेतली, मोरोक्को-अल्जीरियाची पोरं. फ्रान्सचं मळ्याचं गाव सोडवायला आली आणि डिसेंबरच्या बर्फात इथे गेली. टेकडीचं नावच 'रक्ताचा डोंगर'. तिथून खाली बघितलं तर सगळी गावं एकाच नजरेत येतात, आणि जुनी कौलारू कुठली, नवी चौकोनी कुठली, ते बोट दाखवून सांगता येतं.

परतताना काइजर्सबेर्गला थांबा, खायला आणि आल्बर्ट श्वाइट्झर यांच्या जन्मगावासाठी. मराठी वाचकांना ते आफ्रिकेतले डॉक्टर म्हणून ठाऊक आहेत. त्यांचा जन्म १८७५ चा, म्हणजे नागरिकत्व जर्मन. फ्रेंच वसाहतीत दवाखाना चालवत असताना १९१४ ला युद्ध पेटलं आणि फ्रेंचांनी त्यांना शत्रू म्हणून नजरकैदेत टाकलं, पुढे कैदी म्हणून फ्रान्सला आणलं. १९५२ चं शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा ते फ्रेंच होते.

रविवारी परतीच्या वाटेवर दोन पर्याय आहेत, दोन्ही एका दिवशी करू नका. एक, उत्तरेला शोनेनबूर्ग इथला मॅजिनो रेषेचा, म्हणजे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्सनं जर्मन सरहद्दीवर उभारलेल्या किल्ल्यांच्या रांगेतला, भुयारी किल्ला. जमिनीखाली तीस मीटर, आत बारा-तेरा अंश, मे महिन्यातही स्वेटर लागतो. बोगदे, स्वयंपाकघर, वीजघर, फिरत्या तोफांचे घुमट. जून १९४० मध्ये जर्मनांनी ४२० मिलिमीटरच्या तोफेचे गोळे टाकूनही तो पडला नाही. वरून आदेश आला म्हणून १ जुलैला हवाली केला. आत अडीच-तीन किलोमीटर चालणं आहे, पायऱ्यांची आधी चौकशी करा. नंतर जवळच्या हुन्स्पाख गावात किंवा विसाँबूरला जेवा. विसाँबूरलाच ४ ऑगस्ट १८७० ला त्या युद्धाची पहिली मोठी लढाई झाली. तिथून जर्मनी चालत जाण्याइतकी जवळ.

दुसरा पर्याय श्ट्रुटहॉफ, नाझींची छळछावणी. आजच्या फ्रान्सच्या भूमीवर त्यांनी उभारलेली एकमेव. युद्धाआधी स्ट्रासबर्गची माणसं तिथे बर्फावर घसरायला जायची, इतकी जागा रम्य आहे, आणि तेच सहन होत नाही. छावणी उतारावर पायरीपायरीनं आहे, चढ-उतार खूप. तुमचे गुडघे आणि परतीचा प्रवास बघता मी शोनेनबूर्गच म्हणेन. सरांना जायचंच असेल तर ते आणि लेक खाली जातील, तुम्ही वरच्या संग्रहालयात थांबा. तासाभरानं तिघंही गप्प असाल, हे गृहीत धरा आणि त्या संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका.

पहिल्या महायुद्धाची रणभूमी व्हर्दन आणि मेत्स शहर या खेपेला सोडा. ते लॉरेनमध्ये, आणि एकट्या व्हर्दनलाच दोन दिवस हवेत.

तुम्ही विचारलंय, आपल्या सैनिकांचं काही आहे का. आल्झासमध्ये नाही. पहिल्या महायुद्धात भारतीय फौज उत्तर फ्रान्समध्ये लढली, पूना हॉर्स रिसाला त्यात होता. त्यांचं स्मारक तिकडे, नव-शापेलला, १९२७ चं. साडेचार हजारांवर नावं आहेत. मात्र व्होज डोंगरापलीकडे एपिनालला दुसऱ्या महायुद्धात भारतीय युद्धकैद्यांची छावणी होती. ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी चुकून तिच्यावरच बॉम्ब टाकले, भिंती कोसळल्या, आणि कैदी पळाले. खेड्यातल्या फ्रेंच बायाबापड्यांनी दिलेल्या भाकरी-बटाट्यांवर, रात्री चालत, सुमारे पाचशे जण स्वित्झर्लंडला पोचले.

खाण्याचं. इथलं प्रसिद्ध 'फ्लामेकुश' म्हणजे पापडासारख्या पातळ पोळीवर साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे. 'सां लार्दों' एवढं म्हणा, तुकडे वगळून देतात. मशरूमचं मागवलं तरी हे सांगायचंच, त्यातही घालतात. 'बिबलेसकेस' म्हणजे लसूण आणि पातीचा कांदा घातलेला ताजा चक्का, बरोबर परतलेले बटाटे. ते आपल्या जिभेला हमखास आवडतं, बाजूला हॅम नको हे सांगून ठेवा. दुपारी बारा ते दीडच्या मध्ये खुर्चीत बसलेलं असावं, अडीचला स्वयंपाकघर बंद होतं आणि सातपर्यंत उघडत नाही.

आणि तारखा ठरवताना मे महिना जपून. १ मेला स्ट्रासबर्गची ट्राम धावत नाही, संग्रहालयं बंद. ८ मे युद्ध संपल्याची सुट्टी, त्याशिवाय येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि कधी कधी पेंटेकॉस्टचा सोमवारही याच महिन्यात येतो. लेकाला सांगा, आधी कॅलेंडर, मग तिकिटं. चिवड्याचा डबा हाताशी येईल असा, वरच्याच पिशवीत ठेवा.